कच्ची आणि पक्की

मी कच्ची बोलते आहे. वीट नव्हे, सडक नव्हे, पावती तर नव्हेच. कॅमेऱ्याने टिपलेल्या एका छायाचित्राची कच्ची फाईल. धंद्यातली माणसे मला 'रॉ' म्हणतात आणि माझ्या जुळ्या बहिणीला 'जेपेग'. ज्या घरात मी राहते, तिथे मात्र मी कच्ची आणि ती पक्की. ही नावे लाडाने पडली. लाडाची नावे पुढे अंगाशी येतात, हे मला अनुभवाने कळले.

माझा जन्म एका नाट्यगृहात, रंगीत तालमीच्या सकाळी झाला. छायाचित्र काढणारी बाई रंगमंचासमोर गुडघे टेकून बसली होती. घरात तिला धाकटी म्हणतात. मीही तेच म्हणेन. नाटकाची नायिका स्वगत म्हणत होती. तिच्या चेहऱ्यावर झगझगीत उजेड होता आणि डोक्यावर, जिथे आडव्या पाइपाला दिवे टांगलेले असतात, तिथे दाट काळोख. धाकटीने बटण दाबले. कॅमेऱ्याची पापणी उघडली, मिटली, आणि आम्ही दोघी एकदमच जन्मलो.

पक्की जन्मल्याबरोबर कॅमेऱ्याने तिला न्हाऊमाखू घातले. गालांवर रंग चढवला, कडा रेखल्या, आणि थोडक्या जागेत मावावी म्हणून जे त्याला अनावश्यक वाटले ते टाकून दिले. घडी घालून पेटी भरणे वेगळे आणि सदऱ्याच्या बाह्या कापून पेटी भरणे वेगळे. कॅमेऱ्याने बाह्या कापल्या. नायिकेच्या डोक्यावरचा काळोख त्याला नुसता काळाच वाटला, म्हणून त्याने तो सरसकट काळा करून टाकला. पक्कीची त्याबद्दल तक्रार नाही. ती देखणी आहे, सुटसुटीत आहे, कोणाच्याही फोनवर आनंदाने उघडते.

माझ्या अंगाला कोणी हात लावला नाही. भिंगातून जेवढा उजेड आत आला, तेवढा मी जसाच्या तसा ठेवून घेतला. चेहऱ्यावरचा ओंजळभर, काळोखातला चिमूटभर. त्यामुळे मी फिकट दिसते आणि जागा फार अडवते. मला उघडायला खास साधन लागते आणि माझ्याकडून काही काढून घ्यायचे तर समोर स्वस्थ बसावे लागते. माणसांना स्वस्थ बसणे जड जाते असे माझे निरीक्षण आहे. त्यांना तयार गोष्ट हवी असते, आणि ती दुसऱ्याला लगेच दाखवायची असते.

चहाच्या सुट्टीत धाकटी आम्हा सर्वांना घेऊन घरी आली. घरात तिघेच. धाकटी, तिचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात आणि जो त्याच नाट्यगृहात दिवे टांगण्याचे काम करतो, आणि या दोघांना लहानाचे मोठे करणारी मावशी. मावशीने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. आता ती धाकटीच्या कामात मदत करते, आणि जे करते ते चोख करते.

"एकाच चित्राच्या दोन-दोन प्रती कशाला गं?" मावशीने विचारले.

"द्यायला पक्की, ठेवायला कच्ची," धाकटी म्हणाली. "व्यवस्थापकांना जाहिरातीसाठी आजच हव्यात, म्हणून पक्क्या तेवढ्या संगणकावर उतरवते. कच्च्यांचं सावकाशीने."

त्या 'सावकाशीने'मुळे मी कॅमेऱ्यातल्या कार्डावरच राहिले.

दादा नेहमी दारातूनच बोलत आत येतो. त्या दिवशी तो आला, खुर्चीत बसला, आणि मावशीने पुढे केलेले पाणी त्याने नुसतेच हातात धरले.

"दिवा पडला," तो म्हणाला.

"कुठला दिवा?"

"रंगमंचावरचा. सुट्टीनंतर, दुसऱ्या अंकात. नायिकेच्या खांद्यावर. हाड मोडलंय. मला तिने ओळख दिली नाही, मावशी. नेताना माझ्याकडे बघून तोंड फिरवलं."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. प्रत्येक दिव्याला पकडीखेरीज एक साखळी असते. पकड सुटली तरी दिवा साखळीवर लोंबकळत राहावा, माणसावर पडू नये, एवढ्यासाठी ती असते. या दिव्याची साखळी ना दिव्याला सापडली, ना पाइपाला. व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की ती लावलेलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात नाट्यगृहाची समिती बसणार होती.

"मग सांग ना त्यांना, लावली होती म्हणून," धाकटी म्हणाली.

दादाने भांडे खाली ठेवले. "चिमे, खरं सांगू? मला आठवत नाही. रोजचा हात तो. हात लावतो, मन दुसरीकडे असतं. लावलीच असणार. पण लावताना मी स्वतःला बघितलेलं नाही."

"असणार म्हणजे गृहीत," मावशीच्या तोंडून निघून गेले. "सिद्ध नव्हे." बोलून झाल्यावर तिने ओठ मिटले, पण दादाने मान हलवली. त्यालाही तेच खात होते. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण याने टांगलेला दिवा पडतो असे एकदा झाले, की त्या दिव्याखाली कोण उभे राहणार? आणि उभे राहा असे तो तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

धाकटीने घाईघाईने संगणकावरची पक्की उघडली. तोच दिवा, तीच नायिका. वरचा भाग तिने उजळून पाहिला. काळ्याचा राखाडी चिखल झाला, त्यात काही नव्हते.

"काळोखच आहे," ती म्हणाली आणि संगणक बंद केला.

मी तिथेच टेबलावर, कार्डात होते. मला एकदा विचारावे असे तिला त्या वेळी सुचले नाही, असे ती पुढे सगळ्यांना सांगत असे. सुचले नाही असे मला वाटत नाही. काळोख उघडला आणि त्यात साखळी नसलीच, तर काय करायचे, या प्रश्नाजवळ तिला जायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिला एका बुटांच्या दुकानात नव्या मालाची छायाचित्रे काढायची होती. घरात कोणी नीट झोपलेले नव्हते. केस बांधता बांधता ती आतल्या खोलीतून म्हणाली, "मावशी, कार्ड भरलंय. सगळं दोन-दोन आहे, त्यातलं एकेक काढून जागा करून ठेव ना."

"त्यातलं कुठलं?"

"तुला कळेल गं. चिठ्ठी लावलीय संगणकाला."

संगणकाच्या कडेला खरोखरच चिठ्ठी होती. फाईलच्या नावाशेवटी कोणती अक्षरे आली की कच्ची आणि कोणती आली की पक्की, एवढेच तिच्यावर लिहिलेले. धाकटीच्या मनात होत्या पक्क्या, कारण त्या संगणकावर उतरलेल्या होत्या. पण 'ठेवायला कच्ची' हे आदल्या दिवशीचे वाक्य रात्रीच्या जागरणात मावशीच्या मनातून निसटले होते, आणि तिचा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेला. उजव्या बाजूला कच्चे काम करावे, उत्तर पक्के झाले की ते मुख्य पानावर मांडावे आणि कच्च्या कामावर तिरकी रेघ मारावी, हे तिने मुलींच्या कित्येक वर्गांना शिकवले होते. कच्चे तसेच ठेवणाऱ्या मुलीला ती अव्यवस्थित म्हणत असे. तिने चष्मा सारखा केला, चिठ्ठी वाचली, आणि आम्हा कच्च्यांना एकत्र निवडले.

कायमचे काढायचे का, असे संगणकाने विचारले. मावशीने हो म्हटले. मग तिने कार्ड कॅमेऱ्यात बसवून दिले आणि वर "झाली गं जागा" असेही सांगितले.

काढून टाकले म्हणजे काय होते, हे माणसांना नीट ठाऊक नसते. मी नाहीशी झाले नाही. माझे नाव तेवढे पाटीवरून पुसले गेले, आणि मी राहत होते ती जागा मोकळी असल्याचे जाहीर झाले. मी होते तशीच, सगळ्या उजेडासह, आपल्या जागी. फक्त आता जो कोणी येईल त्याला माझ्या अंगावर बसण्याची मुभा होती.

दुकानात धाकटीने पहिला बूट काचेच्या फळीवर ठेवला आणि बटण दाबले. आमच्या रांगेतली सर्वांत पहिली, पडदा उघडतानाची, तिच्यावर एक तपकिरी बूट येऊन बसला. पुन्हा बटण. दुसरी गेली. रंगपटात आरशासमोर हसणारी नायिका गेली, दिग्दर्शकाचा उगारलेला हात गेला. ओरडणे आमच्या जातीत नाही. मी माझ्यामागच्या आणि पुढच्या मोजत बसले नाही. बटणाचा खटका वाजला की माझ्या बाजूची आणखी एक गप्प होत होती, एवढे पुरेसे होते.

तपकिरी संपले. काळे बूट आले. माझी अगदी शेजारची, स्वगताच्या आधी नायिका श्वास घेते तो क्षण, काळ्या बुटाखाली गेली. पुढची जागा माझी होती. धाकटीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"जरा थांबा बाई," दुकानदार म्हणाला. तो तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वाकून बघत होता. "यात शिवण कुठाय? हाताची शिवण आहे ही. लोक तिचेच तर पैसे देतात. इथे नुसता डांबराचा गोळा दिसतोय."

"इथे दिसते ती पक्की," धाकटी सवयीने म्हणाली. "शिवण कच्चीत असणार. घरी गेल्यावर काळोख उघडला की आतलं सगळं..."

ती बोलायची थांबली. बोट बटणावरच होते.

"काय झालं? बूट हलला का?"

कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तिने फोन लावला. "मावशी, सकाळी तू कार्डावरचं काय काढलंस?"

"कच्च्या काढल्या."

"कच्च्या?"

"मग पक्क्या काढीन का? एवढं कळतं मला."

मावशीला चूक अजून कळली नव्हती, पण धाकटीचा श्वास तिने ओळखला असावा. "का गं? नव्हत्या काढायच्या?" तिने अगदी हळू विचारले.

"दादाला कुठे जाऊ देऊ नकोस. मी येते."

तिने कॅमेऱ्याचे झाकण उघडून कार्ड बाहेर काढले.

"अहो, बायकांच्या सँडल राहिल्यात की," दुकानदार म्हणाला. "कार्ड बिघडलं का?"

"नाही. भरलंय."

"आत्ताच तर म्हणालात, रिकामं करून आणलंय."

"तसं वाटलं होतं," ती म्हणाली. "उद्या सगळे बूट पुन्हा काढून देईन. शिवणीसकट."

घरी मावशी संगणकासमोरचे स्टूल सोडून भिंतीजवळ जाऊन बसली होती. जणू पुन्हा हात लागला तर आणखी काही बिघडेल. धाकटीने तिला समजावून सांगितले, तशी ती ताठ बसली. "म्हणजे मी खोडलं ते उत्तर होतं," ती म्हणाली.

दादा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "मावशी, तू रेघ मारलीस. पान फाडलेलं नाहीस. थांब जरा."

हरवलेल्या फाईली हुडकणारे साधन धाकटीने कार्डावर सोडले. ते मोकळी म्हणून जाहीर झालेली एकेक जागा चाचपत पुढे येत होते. पहिल्या जागी बूट. दुसऱ्या जागी बूट. एकामागून एक नुसते बूट निघायला लागले, तेव्हा दादा उठून खिडकीशी गेला. माझ्या शेजारणीच्या जागी काळा बूट निघाला. मग ते साधन माझ्यापर्यंत आले, आणि मी सापडले. नाव गेले होते, त्याऐवजी एक क्रमांक मिळाला. बाकी मी अखंड होते.

पडद्यावर नायिका उभी राहिली. वर काळोख. धाकटीने सावल्या उजळण्याच्या खुणेवर बाण नेला आणि तिचा हात तिथेच थबकला.

"दादा, नसली तर?"

"नसली तर नसली. निदान मला कळेल तरी. आत्ता मला तेही कळत नाहीये."

तिने खूण सरकवली. माझा काळोख हळूहळू वर उचलला गेला. अंगभर रवाळ दाणे उठले. चिमूटभर उजेड ताणला की असे व्हायचेच. त्यातून आधी पाइप आला. मग दिव्याची पाठ. दिवा पाइपाच्या जोडाच्या उजव्या हाताला होता. आणि दिव्याच्या खांद्यावरून निघून पाइपाला वळसा घालून परत आलेली एक वाकडी रेघ.

ती रेघ साखळीची असू शकत होती, आणि दिव्याच्या वायरचीही.

धाकटीने ती मोठी केली. आणखी मोठी केली. मावशी भिंतीजवळून उठून पुढे आली, चष्मा काढून पडद्याला नाक लावले, आणि वर्गात फळ्यावरची चूक शोधावी तशी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"वायर असती तर सलग असती," ती म्हणाली. "ही थांबून थांबून चमकतेय. कडी, कडी, कडी. आणि इथे आकडा अडकवलाय." ती मागे वळली. "लावली होतीस रे तू."

दादा खाली बसला. खुर्ची होती की नाही, हेही त्याने पाहिले नाही, सुदैवाने होती.

समितीपुढे जाणे याहून अवघड होते. लांब टेबलाभोवती मंडळी बसलेली. मध्ये अध्यक्ष, एक निवृत्त वकील. एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक. व्यवस्थापकांनी आपल्या फोनवरची पक्की पुढे केली. "हे चित्र यांनीच मला त्या दिवशी पाठवलं. यात वर काही नाही. आज म्हणतायत साखळी आहे. घरी बसून साखळी काढायला या बाईंना कितीसा वेळ लागणार? भाऊ आहे त्यांचा."

अध्यक्षांनी धाकटीकडे पाहिले. "तुमचीच दोन चित्रं एकमेकांशी भांडतायत. मी विश्वास कोणावर ठेवू?"

"भांडत नाहीत," धाकटी म्हणाली. "एकीला काळोखातलं सांगता येत नाही, कारण ते तिच्याजवळून काढून घेतलंय. पक्की करताना काय ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. कच्चीत तो काही ठरवत नाही. आणि मी कच्चीत कितीही उजळ-काळं केलं तरी त्या सूचना बाजूला राहतात, मूळ फाईलला धक्का लागत नाही. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा. तुमच्या हाताने."

तिने संगणक त्यांच्यासमोर सरकवला. अध्यक्षांनी अवघडल्या बोटाने खूण पुढे नेली. साखळी आली. मागे नेली. साखळी गेली. त्यांनी हे इतक्या वेळा केले, की शेवटी शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, आता पटलं आम्हाला."

"मला एक पटत नाही," अध्यक्ष म्हणाले. "इथे दिवा जोडाच्या उजवीकडे दिसतो. पंचनाम्यात तो डावीकडून पडला असं आहे. मधल्या वेळात तो चालत गेला?"

व्यवस्थापक कागद चाळू लागले. दिग्दर्शक बराच वेळ पेन्सिल फिरवत होता. ती त्याने खाली ठेवली. "सुट्टीत मीच म्हटलं होतं, दिवा जरा डावीकडे हवा. दादा चहाला गेला होता. वर कोण चढलं, ते यांना विचारा."

"दोन मिनिटांचं काम होतं," व्यवस्थापक म्हणाले. त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "साखळी आड येत होती, म्हणून काढून ठेवली. पकड घाईत आवळली, आणि साखळी पुन्हा लावायची राहिली. खाली उतरलो तेव्हा घंटा झाली होती." त्यांनी दादाकडे पाहिले नाही. "ती माझ्या खोलीत खणात आहे."

दादावरचा ठपका त्याच बैठकीत मागे घेण्यात आला. तो धाकटीबरोबर घरी निघाला. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "ते चढले हे वाईट नाही गं. खाली उतरून माझं नाव सांगितलं."

मावशीने त्या संध्याकाळी संगणकाची चिठ्ठी बदलली. 'कच्ची' खोडून तिने वळणदार अक्षरात 'मूळ' लिहिले. घरात तरीही मला कच्चीच म्हणतात. जिभेचे वळण चिठ्ठीने सुटत नाही. आता माझ्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या आहेत, आणि मावशी काही काढण्यापूर्वी सबंध वाक्य विचारते: कोणत्या, कुठल्या, आणि उतरल्या आहेत का.

एके दिवशी नायिका घरी आली. हात गळ्यात बांधलेला. तिला ते चित्र बघायचे होते. धाकटीने मला उघडले, काळोख वर केला, आणि नायिका बराच वेळ स्वतःला पाहत राहिली: खाली ती बोलते आहे, वर दिवा आहे, दिव्याला साखळी आहे.

"इतकी वर्षं खाली उभी राहते मी," ती म्हणाली. "वर कधी पाहिलंच नव्हतं." मग दादाकडे वळून म्हणाली, "मी समितीला तुमचं नाव दिलं होतं. कोणी काही विचारायच्या आत."

"मीही माझंच नाव घेत होतो," दादा म्हणाला. "तुम्हाला काय बोलणार?"

"खांदा बरा झाला की पहिली तालीम आहे. दिवे तुम्हीच टांगायचे. मी व्यवस्थापकांना तसं सांगितलंय, नाहीतर मी उभी राहणार नाही."

मान खाली घालून दादा म्हणाला, "या. आधी येऊन खुशाल वर बघा."

माझे सांगून झाले. मी वर्तमानपत्रात छापली गेले नाही, भिंतीवर लागले नाही; ते मान पक्कीचे, आणि ते तिला शोभतात. मला उघडणारे साधन ज्या कारखान्याचे आहे, तो एक दिवस ते बनवणे बंद करील आणि मी असूनही कोणाला वाचता येणार नाही, ही काळजी मला आहे. तोवर तुम्हाला एवढेच सांगणे: घाई असेल तेव्हा पक्कीला घेऊन जा, ती मनाने चांगली आहे. पण ज्या काळोखात काय आहे याची तुम्हाला खात्री नाही, तो टाकून देऊ नका. तो माझ्याकडे ठेवा. बघण्याचा धीर होईल तेव्हा मागायला या.